ठेकेदाराच्या हाती सवलत केव्हा पोहोचते?

१ फेब्रुवारी २०२५ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी नव्या करप्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तिकर लागणार नाही अशी घोषणा केली आणि पुढचे काही दिवस सगळीकडे तिचीच चर्चा होती. पगारदारांना ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळत असल्याने त्यांच्यासाठी ही मर्यादा १२ लाख ७५ हजार ठरली. एप्रिलचा पगार जमा झाला तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांना फरक हातात दिसला, कारण कंपनीच्या हिशेब खात्याने वर्षभराचा अंदाजे कर नव्या दरांनी पुन्हा मोजला होता आणि तो शून्य येत असल्याने कपात थांबवली होती. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या माणसाला, म्हणजे ठेकेदार, सल्लागार अभियंता, वास्तुविशारद, अंतर्गत सजावटकार किंवा संगणक क्षेत्रातला कंत्राटी तज्ज्ञ यांना, तीच सवलत त्याच कायद्याने मिळाली. पण ती हातात केव्हा पडते, हा प्रश्न त्या चर्चेत कुठेच नव्हता. लहान ठेकेदारांचे आणि व्यावसायिकांचे हिशेब अनेक वर्षे जवळून पाहिल्यावर माझे असे मत झाले आहे की स्वयंरोजगारितांसाठी अर्थसंकल्पाचे मोजमाप कराच्या दराने करणे अपुरे आहे. कर केव्हा, कोणाकडून आणि कशाच्या आधारावर कापला जातो, यावरच त्यांचे वर्ष तरते किंवा बुडते.

एक साधे गणित मांडतो. एखाद्या वास्तुविशारदाची महिन्याला दोन लाखांची, म्हणजे वर्षाला २४ लाखांची बिले होतात असे धरू. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४४एडीए खाली, म्हणजे अंदाजित नफ्याच्या सोयीत, तो एकूण जमेच्या निम्मी रक्कम, म्हणजे १२ लाख, उत्पन्न म्हणून दाखवू शकतो. २०२५-२६ च्या दरांनी या उत्पन्नावरचा कर ६० हजार होतो आणि कलम ८७एची ६० हजारांची सूट मिळून तो शून्यावर येतो. मात्र त्याचे ग्राहक कंपन्या किंवा संस्था असतील तर कलम १९४जे प्रमाणे प्रत्येक बिलातून दहा टक्के उद्गम करकपात, म्हणजे टीडीएस, होतच राहतो. दरमहा २० हजार, वर्षाला २ लाख ४० हजार. ज्याला एक रुपयाही कर देणे नाही, त्याच्या जमेचा दहावा हिस्सा वर्षभर सरकारकडे जमा राहतो. याच माणसाला आदल्या वर्षीच्या दरांनी, उपकर धरून, ८३,२०० रुपये कर भरावा लागला असता. अर्थसंकल्पाने तो माफ केला, पण कपातीचा दर तसाच ठेवला. त्यामुळे सवलतीचा प्रत्येक रुपया परताव्याच्या, म्हणजे रिफंडच्या, रांगेत जाऊन उभा राहिला.

हा परतावा कधी येतो? एप्रिल २०२५ मध्ये कापलेल्या रकमेचा हिशेब आर्थिक वर्ष संपल्यावर होतो. शेवटच्या तिमाहीचे टीडीएस विवरण भरण्यासाठी ग्राहकाला ३१ मेपर्यंत मुदत असते, त्यानंतर कपातीचे प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १६ए, मिळते, त्यातले आकडे प्राप्तिकर खात्याकडच्या नोंदीशी, म्हणजे फॉर्म २६एएसशी, जुळवावे लागतात आणि मग रिटर्न भरता येते. म्हणजे एप्रिलचे पैसे सव्वा वर्षाच्या आत हाती पडणे कठीण. या काळाचे व्याज कलम २४४ए प्रमाणे दरमहा अर्धा टक्का मिळते, तेही वेळेत रिटर्न भरले असेल तर आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या १ एप्रिलपासून. आधीचे बारा महिने पैसे बिनव्याजी. उलट आगाऊ कर भरण्यात करदात्याची चूक झाली, तर कलम २३४बी आणि २३४सी प्रमाणे त्याच्याकडून दरमहा एक टक्का घेतला जातो. सरकारने ठेवलेल्या पैशाला एक दर आणि करदात्याने उशिरा भरलेल्या पैशाला त्याच्या दुप्पट दर, याचे समर्थन मला अजून कुठे सापडलेले नाही.

पगारदाराचा कर आधी मोजतात आणि मग कापतात. स्वतंत्र व्यावसायिकाचा आधी कापतात आणि मग मोजतात. कलम १९२ मालकाला कर्मचाऱ्याच्या संपूर्ण वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज घ्यायला सांगते, त्यात सूट आणि वजावटी आल्याच. ठेक्याच्या बिलांसाठीचे कलम १९४सी आणि व्यावसायिक शुल्कासाठीचे १९४जे मात्र केवळ बिलाच्या रकमेकडे पाहतात. त्या बिलातून किती मजुरी गेली, किती साहित्य आले, हाती काय उरले, याच्याशी कपातीचा संबंध नसतो. बँकेच्या व्याजावर कपात होऊ नये म्हणून कमी उत्पन्न असलेला माणूस १५जी किंवा १५एच फॉर्म भरून देऊ शकतो. ठेक्याच्या किंवा व्यावसायिक शुल्काच्या रकमेला ही सोय नाही. कमी दराने कपात व्हावी यासाठी कलम १९७ खाली प्रमाणपत्र मागता येते, पण ते कर अधिकाऱ्याकडून मंजूर करून घ्यावे लागते, वर्षापुरते चालते आणि दरवर्षी नव्याने मागावे लागते. पाच-सहा ग्राहकांकडे तुटक कामे करणाऱ्या माणसाला हा खटाटोप परवडत नाही.

वैयक्तिक बांधकाम ठेकेदाराच्या बाबतीत कपातीचा दर एक टक्का आहे आणि तो ऐकायला अगदीच किरकोळ वाटतो. पण तो टक्का नफ्यावरचा नाही, संपूर्ण बिलावरचा आहे. वर्षाला दीड कोटीची कामे करणारा आणि सगळे पैसे बँकेतून घेणारा ठेकेदार कलम ४४एडी प्रमाणे सहा टक्के, म्हणजे नऊ लाख, नफा दाखवू शकतो. त्यावर आजच्या दराने कर शून्य, कापले गेलेले दीड लाख. काम सरकारी असेल तर अडीच लाखांवरील कंत्राटांवर वस्तू व सेवा कराचा टीडीएस दोन टक्के वेगळा, बांधकाम कामगार कल्याण उपकर एक टक्का वेगळा आणि दोष-दुरुस्तीच्या मुदतीपर्यंत रोखलेली अनामत वेगळी. यांतली प्रत्येक कपात स्वतंत्रपणे पाहिली तर तिच्यामागे काही कारण आहे, आणि कामगार उपकराबद्दल तर माझी काहीच तक्रार नाही, कारण तो ज्यांच्या घामावर काम उभे राहते त्यांच्यासाठी आहे. पण या सगळ्या एकाच बिलावर येऊन बसतात, आणि मुकादमाला शनिवारी मजुरी मात्र पूर्ण वाटावी लागते.

वस्तू व सेवा कराचे दर अर्थसंकल्पात ठरत नाहीत, ते जीएसटी परिषदेत ठरतात. तरी त्याची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. सेवेच्या बाबतीत बिल काढल्याची तारीख किंवा पैसे मिळाल्याची तारीख यांपैकी जी आधी येईल, तिच्यापासून कराची जबाबदारी सुरू होते. पाच लाखांच्या बिलावर अठरा टक्क्यांनी ९० हजार होतात. साहित्य-खरेदीवर भरलेल्या कराची वजावट घेतल्यावर उरलेली रक्कम पुढच्या महिन्यात भरावी लागते. ग्राहकाचा चेक तीन महिन्यांनी का येईना. न मिळालेल्या पैशावरचा कर ठेकेदार स्वतःच्या खिशातून किंवा कॅश क्रेडिटमधून भरतो. त्यामुळे प्राप्तिकराचा दर दोन टक्क्यांनी खाली आला काय किंवा वर गेला काय, त्याच्या रोजच्या चणचणीत फारसा फरक पडत नाही.

हे असे का आहे, याचे सरकारच्या बाजूने दिले जाणारे उत्तर २०१८ च्या अर्थसंकल्पी भाषणात स्पष्ट शब्दांत आले होते. अरुण जेटली यांनी तेव्हा २०१६-१७ या कर-निर्धारण वर्षाचे आकडे सांगितले: १ कोटी ८९ लाख पगारदारांनी सरासरी ७६,३०६ रुपये कर भरला, तर व्यावसायिकांसह १ कोटी ८८ लाख वैयक्तिक व्यवसायदारांनी सरासरी २५,७५३ रुपये. त्या आकड्यांच्या आधारावर पगारदारांना ४० हजारांची प्रमाणित वजावट पुन्हा देण्यात आली. पुढे २०१९ मध्ये ती ५० हजार आणि जुलै २०२४ मध्ये नव्या प्रणालीपुरती ७५ हजार झाली. पगार लपवता येत नाही आणि धंद्याची जमा लपवता येते, ही भावना त्या आकड्यांमागे होती आणि ती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. रोखीचे व्यवहार आणि कच्च्या पावत्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे नाकारता येणार नाही.

पण हा संशय नेमका चुकीच्या माणसावर येऊन पडतो. ज्याच्या बिलातून टीडीएस कापला जातो, त्याची जमा ग्राहकाच्या विवरणात, २६एएसमध्ये, वार्षिक माहिती पत्रकात आणि नोंदणी असेल तर जीएसटीच्या पोर्टलवर, अशी चार ठिकाणी आधीच नोंदलेली असते. त्याच्याकडे लपवायला जागाच उरत नाही. जो घरगुती ग्राहकांकडून रोख पैसे घेतो, त्याच्याकडून कोणी काही कापत नाही, कारण व्यक्तींनी करावयाची कपात वर्षाला ५० लाखांच्या पुढे सुरू होते. म्हणजे उजेडात असलेला माणूस आपल्या जमेचा दहावा भाग सरकारकडे अडकवून बसतो आणि अंधारात असलेला मोकळा राहतो. नोंद हवी असेल तर ती एक टक्का कापूनही होते. माहितीसाठी दहा टक्क्यांची गरज नाही. हे सरकारलाही मान्य असावे, कारण २०२० च्या अर्थसंकल्पात तांत्रिक सेवांवरचा दर दहावरून दोन टक्क्यांवर आणला गेला. त्यातून एक नवाच वाद मात्र उभा राहिला. एकच काम 'व्यावसायिक' की 'तांत्रिक' की निव्वळ 'ठेक्याचे', यावर कपात दहा, दोन किंवा एक टक्का ठरते, आणि ते ठरवतो ग्राहकाचा हिशेबनीस. कमी कापल्यास कलम ४०(ए)(आयए) प्रमाणे त्या खर्चाचा तीस टक्के भाग कंपनीला नाकारला जाऊ शकतो. मग तो सर्वांत मोठा दर लावून मोकळा होतो. जास्त कापल्याबद्दल त्याला कोणीच जाब विचारत नाही.

२०२५ मध्ये १९४जेची वार्षिक मर्यादा ३० हजारांवरून ५० हजारांवर नेली, हे चांगलेच झाले. पण ज्याचा एखाद्या ग्राहकाशी वर्षाकाठी ५० हजारांहून अधिक व्यवहार होतो, त्याची कपात त्या ग्राहकाकडे पहिल्यासारखीच राहिली.

इथे विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दाही मांडला पाहिजे. कलम ४४एडीए २०१६ च्या अर्थसंकल्पाने ५० लाखांच्या मर्यादेसह आणले. २०२३ मध्ये, रोख जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर, ही मर्यादा ७५ लाखांवर गेली. एका खोलीत बसून एका संगणकावर काम करणारा सल्लागार ७० लाख मिळवतो आणि ३५ लाखांवर कर भरतो, तर त्याच कामासाठी ७० लाख पगार घेणारा कर्मचारी ७५ हजार वगळून सगळ्यावर भरतो. हा भेद मला न्याय्य वाटत नाही. हिशेबवह्यांच्या जाचातून लहान माणसाला सोडवावे म्हणून आणलेली तरतूद वरच्या थरात कर वाचवण्याचे साधन झाली आहे. म्हणूनच पगारदारांची प्रमाणित वजावट व्यावसायिकांनाही द्या, ही नेहमीची मागणी मला फार महत्त्वाची वाटत नाही. खर्च वजा करण्याची संधी त्यांना आधीच आहे, आणि अनेकांना ती गरजेपेक्षा अधिक आहे.

खरी तफावत म्हातारपणाच्या तरतुदीत आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. नव्या करप्रणालीत मालकाने कर्मचाऱ्याच्या राष्ट्रीय निवृत्तिवेतन खात्यात भरलेली रक्कम, मूळ पगार व महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत, करमुक्त राहते. जुलै २०२४ मध्ये ही मर्यादा खासगी कर्मचाऱ्यांसाठी दहावरून चौदावर आणली. भविष्य निर्वाह निधीतला मालकाचा हिस्साही मर्यादेत करमुक्त आहे. स्वयंरोजगारित माणसाला मालकच नाही. तो स्वतःच्या निवृत्तीसाठी जे भरतो त्याची वजावट फक्त जुन्या प्रणालीत मिळते, आणि ती प्रणाली तर सरकार हळूहळू मोडीत काढत आहे. आरोग्य विम्याचेही तसेच: कंपनीने काढलेल्या सामूहिक विम्याचा हप्ता कर्मचाऱ्याचे उत्पन्न धरला जात नाही, तर स्वतःच्या कुटुंबाचा विमा काढणाऱ्या व्यावसायिकाला कलम ८०डी नव्या प्रणालीत नाही. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला, एवढाच काय तो दिलासा. ज्याला आजारपणात पगारी रजा नाही आणि साठीनंतर पेन्शन नाही, त्यालाच बचतीवर सवलत नाही, ही रचना उलटी आहे.

त्यात प्रणाली निवडण्याचा नियम. पगारदार दरवर्षी जुनी की नवी हे नव्याने ठरवू शकतो. ज्याचे उत्पन्न धंद्यातून किंवा व्यवसायातून येते, तो फॉर्म १०-आयईए भरून जुनी प्रणाली घेऊ शकतो, पण एकदा नव्या प्रणालीत परतला की, धंदा चालू असेपर्यंत, पुन्हा जुनीकडे जाता येत नाही. ज्याचे उत्पन्न दरमहा ठरलेले आहे त्याला मोकळीक, आणि ज्याचे वर अथवा खाली होते त्याला बंधन. कलम ४४एडी मध्येही असाच फास आहे. एखाद्या वर्षी लोखंड-सिमेंट महागले, ठरलेल्या दरात काम पूर्ण करावे लागले आणि नफा सहा टक्क्यांच्या खाली गेला, तर खरा नफा दाखवणाऱ्याला पुढची पाच वर्षे या सोयीबाहेर राहावे लागते, आणि उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल तर हिशेबवह्या ठेवून ऑडिटही करून घ्यावे लागते. मग बहुतेक जण न झालेला नफा दाखवतात. वाईट वर्षात खोटा नफा दाखवणे स्वस्त पडावे, असा कायदा कोणाच्याच हिताचा नाही.

स्वतंत्र कंत्राटदार खरोखर स्वतंत्र आहे का, हाही प्रश्न आहे. रोज ठरलेल्या वेळी एकाच कंपनीत जाणारा, तिथल्याच वरिष्ठाच्या हाताखाली काम करणारा माणूस कागदावर 'कन्सल्टंट' असतो. त्याला भविष्य निर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि मोबदल्यातून पगाराच्या नियमाऐवजी १९४जेने दहा टक्के जातात. ब्रिटनमध्ये अशा छुप्या नोकरीला पकडण्यासाठी २००० पासून आयआर३५ नावाचे नियम आहेत. ते २०१७ मध्ये सरकारी आणि २०२१ मध्ये खासगी क्षेत्रात कडक झाले. सप्टेंबर २०२२ च्या छोट्या अर्थसंकल्पात त्या दोन्ही सुधारणा मागे घेण्याची घोषणा झाली आणि ऑक्टोबरमध्ये ती घोषणाच मागे घेतली गेली. सुमारे साडेतीन आठवडे तिथल्या कंत्राटदारांना आपण पुढच्या वर्षी कोण असणार हे माहीत नव्हते. आपल्याकडे अशी कसोटी प्राप्तिकरात आणावी असे मला वाटत नाही, कारण तिचा भार पुन्हा कंत्राटदारावरच पडेल. ज्या कंपनीने माणूस नोकरीसारखा वापरला तिच्याकडून सामाजिक सुरक्षेचा हिस्सा वसूल करणे अधिक योग्य ठरेल. २०२५ च्या अर्थसंकल्पाने ऑनलाइन मंचांवर काम करणाऱ्या सुमारे एक कोटी कामगारांना ई-श्रम नोंदणी, ओळखपत्र आणि प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचे संरक्षण देऊ केले. त्याच विचाराने छुप्या कन्सल्टंटांकडेही पाहता येईल.

चांगल्या हेतूचा अर्थसंकल्पी बदल कुठे अडतो, याचे उदाहरण म्हणून कलम ४३बी(एच) पाहावे. २०२३ मध्ये आणलेल्या आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या या तरतुदीनुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे करार नसेल तर १५ आणि असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत न दिल्यास, प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत त्या खर्चाची वजावट ग्राहकाला मिळत नाही. बड्या ग्राहकाच्या दिरंगाईला कराच्या मार्गाने घातलेला हा लगाम मला मनापासून योग्य वाटतो. पण तो फक्त कर भरणाऱ्या ग्राहकाला लागू पडतो. सरकारी खाते प्राप्तिकर भरत नाही, त्यामुळे वजावट गेल्याची त्याला झळ नाही. महाराष्ट्रात २०२५ मध्ये शासकीय खात्यांकडे थकलेल्या बिलांसाठी ठेकेदारांच्या संघटनांना आंदोलने करावी लागली. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत उशिरा पैसे देणाऱ्या ग्राहकालाच या कलमाचा धाक नाही.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा कायदा जाऊन प्राप्तिकर अधिनियम २०२५ लागू होतो. भाषा सोपी झाली, कलमे कमी झाली. १९४सी आणि १९४जे हे ठेकेदारांच्या तोंडी बसलेले आकडे नव्या कायद्यात राहिले नाहीत. पण बिलावर कापायचे आणि वर्षाने मोजायचे, हे तत्त्व त्यात तसेच पुढे आले आहे. माझी मागणी मोठी नाही. ज्या अर्थसंकल्पात कराचे टप्पे बदलतात, त्याच अर्थसंकल्पात त्या प्रमाणात टीडीएसचे दरही बदलावेत; आणि अंदाजित नफ्याच्या सोयीत असलेल्या, पण करपात्र ठरणार नाही अशा व्यावसायिकाला, बँकेच्या ठेवीदाराप्रमाणे, स्वतःचे घोषणापत्र देता यावे. यात सरकारचा एक रुपयाही बुडत नाही, कारण तो रुपया सरकारचा नव्हताच.

हे करता येते याचा दाखला सरकारनेच दिला आहे. टाळेबंदीच्या काळात, १४ मे २०२० पासून ३१ मार्च २०२१ पर्यंत, टीडीएसचे दर एक चतुर्थांशाने कमी केले होते: व्यावसायिक शुल्कावर दहाचे साडेसात टक्के, वैयक्तिक ठेकेदाराच्या बिलावर एकाचा पाऊण टक्का. त्यामुळे लोकांच्या हाती ५० हजार कोटी रुपये राहतील, असे तेव्हा अर्थमंत्र्यांनी सांगितले होते. करात एका पैशाचीही सूट न देता इतकी रक्कम लोकांकडे राहू शकते, हे त्या दिवशी अधिकृतपणे मान्य झाले. १ एप्रिल २०२१ रोजी दर पूर्ववत झाले आणि त्यानंतरच्या प्रत्येक अर्थसंकल्पात व्यावसायिक शुल्कावरचे दहा टक्के आणि ठेकेदाराच्या बिलावरचा एक टक्का कायम राहिला.